द्राक्षगर्भ आणि वारेचा कर्करोग

(जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामसेवक, पंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेवर ‘आनुवंशिकता, प्रतिकारशक्ती आणि स्त्रियांचे कर्करोग’ असा छापलेला आहे. त्याला न्याय द्यायचा तर आठवडाभराचे शिबिर भरवावे लागेल. म्हणून संयोजकांची क्षमा मागून मी त्यातला एकच आजार निवडला आहे. तो द्राक्षगर्भ या नावाने ओळखला जातो. हजार गरोदरपणांत साधारण एक, आशियातील काही भागांत त्याहून काहीसे अधिक, असे त्याचे प्रमाण आहे. तीस हजार वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षाला पाचएकशे गरोदर स्त्रियांची नोंद होते असे धरले, तर त्या केंद्राच्या हद्दीत दोन वर्षांत अशी एखादी बाई आढळणार. मग एवढ्या विरळ आजारासाठी तुमचा वेळ का घ्यावा? कारण या आजारातून उद्भवणारा कर्करोग जवळजवळ पूर्ण बरा होतो, आणि तरीही त्याने बायका दगावतात. ज्या दगावतात त्या बहुधा औषध नव्हते म्हणून नव्हे, तर तपासणीच्या तारखा चुकल्या म्हणून. तारखा सांभाळणे हे काम आम्हा डॉक्टरांपेक्षा गावातल्या माणसांना अधिक चांगले जमते.

१९८४ साली मी एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. दिवाळीच्या सुमारास एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. पाळी चुकून जेमतेम चार महिने झालेले, पोट मात्र सहा महिन्यांच्या गरोदर बाईएवढे वाढलेले. उलट्यांनी जीव मेटाकुटीला आलेला आणि अंगावरून थोडे थोडे लाल जात असलेले. सासू बरोबर होती. तिला जुळ्यांची आशा वाटत होती. बाळाचे ठोके लागत नव्हते, हातापायांची हालचाल जाणवत नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या पिशवीतून जे बाहेर पडले ते पाहून सासू मटकन खाली बसली. बाळ नव्हते, बाळाचा आकारही नव्हता. पाण्याने भरलेल्या, पारदर्शक, लहानमोठ्या मण्यांचे घोसच्या घोस होते.

आम्ही पिशवी साफ केली, रक्त चढवले आणि आठवड्याला एकदा लघवी तपासायला येण्यास सांगून तिला घरी पाठवले. ती दोनदा आली. पुढे कापसाची वेचणी सुरू झाली, एसटीच्या भाड्याचा प्रश्न होता आणि घरातले म्हणाले असतील, पोट रिकामे झाले, आता कशाला खेपा घालायच्या? सुमारे पाच महिन्यांनी तिला पुन्हा आणली तेव्हा खोकल्यातून रक्त पडत होते. मधल्या काळात कोणीतरी क्षयाचे औषध चालू केले होते. छातीच्या फोटोत गोल गोल सावल्या दिसत होत्या. लघवीची गरोदरपणाची तपासणी केली तर ती इतकी ठळक आली, की जणू पोटात सहा महिन्यांचा गर्भ आहे. आणि पिशवी तर रिकामी होती. तिसऱ्या रात्री मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. तिची फाइल मी पुढे बऱ्याचदा काढून पाहिली. पत्त्याच्या रकान्यात गावाचे नाव होते, तालुका नव्हता. पत्र पाठवायचे ठरवले असते तरी आम्हांला ते पाठवता आले नसते.

आता हा द्राक्षगर्भ म्हणजे काय ते पाहू.

मण्यांच्या त्या घोसाने माणसाला फार पूर्वीपासून बुचकळ्यात टाकले आहे. हॉलंडमधील लोसडाउनन या गावी एक दंतकथा सांगतात. १२७६ साली हेन्नेबर्गच्या सरदारपत्नीला म्हणे एकाच वेळी ३६५ मुले झाली. त्या कथेचा उगम अशाच एखाद्या घोसात असावा असा तर्क आहे. आपल्याकडे चरकसंहितेत रक्तगुल्म नावाचा केवळ स्त्रियांना होणारा विकार वर्णिला आहे. त्यात गर्भाची सर्व लक्षणे दिसतात, परंतु पोटात स्फुरण होते ते गोळ्याचे, अवयवांचे नव्हे, असे सूक्ष्म निरीक्षण नोंदवलेले आहे. ते द्राक्षगर्भाचेच वर्णन होय असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मात्र लिहिणाऱ्याने रुग्ण तपासलेला होता, यात शंका नाही. गांधारीच्या मांसपिंडाची कथाही काही उत्साही मंडळी या संदर्भात सांगतात. त्या वादात मी पडत नाही.

गरोदरपणात पिशवीत दोन गोष्टी वाढतात, एक गर्भ आणि दुसरी वार. बाळंतपणानंतर सुईण जी पुरून टाकीत असे ती वार. वार आईची आहे असा आपला समज असतो. वस्तुतः ती गर्भाच्याच पेशींपासून बनते. आईच्या पिशवीच्या भिंतीत मुळे रोवून तिच्या रक्तातून अन्न व प्राणवायू खेचून आणण्याचे काम ती करते. तिच्या टोकांना बोटांसारखे बारीक अंकुर असतात. द्राक्षगर्भात हे अंकुर पाण्याने फुगतात, अमर्याद वाढतात, आणि गर्भ मात्र तयारच होत नाही. वारेची वाढ होते, पण जिच्यासाठी ती वाढायची ते बाळच नसते.

हे कशाने होते, याचा उलगडा १९७७ साली जपानमधील तदाशी काजी आणि त्यांचे सहकारी ओहामा यांनी केला. मनुष्याच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, २३ आईकडून आणि २३ बापाकडून, हे आपल्या शाळांतून शिकवले जाते. द्राक्षगर्भाच्या पेशींतही गुणसूत्रे ४६च असतात. तथापि काजींना असे आढळले, की ती सर्वच्या सर्व बापाची होती. काय घडलेले असते? स्त्रीचे बीजांड कोणत्या तरी कारणाने स्वतःची गुणसूत्रे गमावून बसलेले असते. अशा रिकाम्या बीजांडात एक शुक्राणू शिरतो, आपली २३ गुणसूत्रे दुप्पट करतो आणि ४६ चा आकडा भरून काढतो. क्वचित दोन शुक्राणू शिरूनही हाच आकडा जुळतो. हिशेब बरोबर असतो, मात्र खात्यावर एकाच बाजूची जमा असते. याला पूर्ण द्राक्षगर्भ म्हणतात. दुसरा प्रकार अंशतः द्राक्षगर्भाचा. त्यात आईची २३ गुणसूत्रे असतात, पण बापाची दुप्पट, मिळून ६९. त्यात गर्भाचे काही अंश दिसतात, पण तो जगत नाही.

आकडा पुरा असताना बाळ का होत नाही? १९८४ साली, म्हणजे आमची ती मुलगी गेली त्याच काळात, केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांनी आणि अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये मॅकग्रा व सोल्टर यांनी उंदरांवर प्रयोग करून याचे उत्तर दिले. त्यांनी काही भ्रूणांत दोन्ही वाटे आईचे ठेवले, तर काहींत दोन्ही बापाचे. केवळ आईच्या गुणसूत्रांवर वाढणाऱ्या भ्रूणाचे शरीर बऱ्यापैकी आकाराला आले, पण वार खुरटी राहिली. केवळ बापाच्या गुणसूत्रांवर वाढणाऱ्याची वार जोमाने वाढली, शरीर मात्र खुरटले. दोहोंपैकी कोणतेही पिल्लू जन्मापर्यंत पोचले नाही. यावरून कळले, की जनुकांवर ‘हे आईकडून आले’ किंवा ‘हे बापाकडून आले’ अशी एक रासायनिक मुद्रा उमटलेली असते. काही जनुके आईची असली तरच बोलतात, काही बापाची असली तरच. ढोबळमानाने सांगायचे तर बापाची जनुके वार वाढवण्याकडे ओढतात आणि आईची तिला आवर घालतात. या ओढाताणीतूनच बाळ होते. आवर घालणारी बाजूच नसेल, तर वार सुटते.

येथे एका गोष्टीकडे पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे. द्राक्षगर्भ झालेल्या बाईला ‘हिच्या पोटी काय विचित्र निपजले’ म्हणून घराबाहेर काढल्याची उदाहरणे मी पाहिलेली आहेत. गुणसूत्रांचा हिशेब मांडला, तर त्या घोसात आईचा वाटा जवळपास काहीच नसतो. पण म्हणून उद्या नवऱ्याला दोष देऊ लागाल तर तेही तितकेच चूक ठरेल. रिकाम्या बीजांडात शुक्राणू शिरणे हा योगायोग आहे. तो कोणाच्या वागणुकीचा, नजर लागण्याचा वा ग्रहणात भाजी चिरण्याचा परिणाम नव्हे.

आता प्रतिकारशक्तीकडे वळू, कारण कर्करोगाचा रस्ता तिथूनच जातो.

एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याला लावला तर शरीर तो काही दिवसांत झिडकारते. सख्ख्या आईने मुलाला मूत्रपिंड दिले तरी ते टिकावे म्हणून जन्मभर औषधे घ्यावी लागतात. मग अर्धा परका असलेला गर्भ आईचे शरीर नऊ महिने कसे सांभाळते? हा प्रश्न सर पीटर मेडावर यांनी १९५३ साली स्पष्ट शब्दांत मांडला. पुढे १९६० मध्ये प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेडावर यांनी सुचवलेली उत्तरे बरीचशी टिकली नाहीत, पण प्रश्न असा होता, की सत्तर वर्षे संशोधकांना त्याने काम पुरवले.

आजचे उत्तर थोडक्यात असे. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी आपल्या अंगावर एचएलए नावाची ओळखचिन्हे वागवते. परका कोण हे प्रतिकारशक्ती त्यावरून ठरवते. वारेच्या बाहेरच्या थरातील पेशी यांपैकी सर्वांत ठळक चिन्हे अंगावर आणतच नाहीत. त्याऐवजी एचएलए-जी नावाचे एक खास चिन्ह दाखवतात. ते आईच्या रक्षक पेशींना शांत राहण्याचा इशारा देते. याखेरीज पीडी-एल१ नावाचा आणखी एक पदार्थ त्या बाळगतात. रक्षक पेशींवर ब्रेक लावण्याचे काम तो करतो. आईचे शरीर मात्र केवळ गप्प बसत नाही. पिशवीच्या अस्तरात एका जातीच्या मारक पेशी मोठ्या संख्येने जमतात. त्यांचे नाव भीतिदायक असले तरी तेथे त्या मारण्याचे काम करीत नाहीत. वारेची मुळे किती खोल जावीत, आईच्या रक्तवाहिन्या किती रुंदाव्यात याचा तोल राखण्यात त्यांचा हात असतो. आईच्या मारक पेशींवरील जनुके आणि गर्भाला बापाकडून मिळालेली एचएलए-सी ही जनुके यांची काही विशिष्ट जोडी जमली तर मुळे उथळ राहतात आणि गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका वाढतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. म्हणजे मुळे उथळ गेली तरी संकट, अति खोल गेली तरी संकट.

वारेच्या पेशीचे हे गुण पुन्हा एकदा नजरेखालून घाला. ती झपाट्याने विभागते. दुसऱ्याच्या मांसात घुसते. रक्तवाहिन्या आपल्याकडे वळवते. रक्षकांची नजर चुकवते. कर्करोगाच्या पेशीचे वर्णन याहून वेगळे करता येणार नाही. फरक एवढाच, की निरोगी वार वेळेवर थांबते आणि बाळ जन्मल्यावर आपण होऊन सुटून पडते. द्राक्षगर्भात थांबवणारी बाजू दुबळी असते. त्यामुळे पिशवी साफ केल्यानंतरही काही पेशी भिंतीत राहून पुन्हा वाढू लागतात. पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे पंधरा ते वीस जणींना, आणि अंशतः द्राक्षगर्भ झालेल्या शंभरांतील एक ते पाच जणींना पुढे औषधोपचार करावा लागतो. याचेच उग्र रूप म्हणजे कोरिओकार्सिनोमा, अर्थात वारेचा कर्करोग. तो रक्तावाटे प्रथम फुप्फुसांत जातो, पुढे यकृतात व मेंदूत. क्वचित तो साध्या गर्भपातानंतर किंवा सुखरूप बाळंतपणानंतरही उद्भवतो. बाळंतपणानंतर त्याचे प्रमाण सुमारे पन्नास हजारांत एक असे सांगतात.

जाता जाता एक सांगते. १९७१ मध्ये लंडनच्या बॅगशॉ यांना असे आढळले होते, की पतिपत्नींच्या रक्तगटांच्या काही जोड्यांत हा कर्करोग अधिक होतो. १९८३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या गुणतक्त्यात रक्तगटाला गुणही दिलेले होते, आणि आम्ही ते पाठ केले होते. पुढे अनुभवांती ते उपयोगाचे नाहीत असे ठरले आणि २००० सालच्या तक्त्यातून रक्तगट वगळला गेला. तेव्हा ‘माझा ए, त्यांचा ओ’ म्हणून कोणी घाबरून जाऊ नये.

या कर्करोगाला एक मोठा दुर्गुण आहे, आणि तो आपल्या उपयोगी पडतो. त्याला लपून राहता येत नाही. वारेच्या पेशी, मग त्या निरोगी असोत वा बिघडलेल्या, एचसीजी नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. लघवीच्या पट्टीवर गरोदरपणाच्या दोन रेघा उमटतात त्या याच संप्रेरकामुळे. १९७२ पासून ते अतिशय सूक्ष्म प्रमाणातही रक्तात मोजता येऊ लागले. आज हे काम शहरांतील प्रयोगशाळा नित्यनेमाने करतात. क्ष-किरणांना गाठ दिसण्याच्या कितीतरी आधी एचसीजीचा आकडा चढू लागतो. तो उतरत उतरत सामान्य झाला तर चिंता नको. मध्येच अडला किंवा पुन्हा चढला तर उपचार सुरू करायचे. इतका चोख पहारेकरी फार थोड्या कर्करोगांना लाभला आहे.

आता औषधाकडे येते. त्याची कथा आपल्या मुंबईतून सुरू होते. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर बायकांना एक विलक्षण पंडुरोग होत असे आणि त्यात अनेकजणी दगावत. त्या गरीब बायका जे खात, तसाच आहार विल्स यांनी माकडांना देऊन पाहिला, आणि माकडांनाही तोच पंडुरोग झाला. यीस्टचा अर्क दिल्यावर तो बरा झाला. बायकांनाही हाच गुण आला. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात जो अज्ञात घटक होता तोच पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. तुमच्या आशाताई गरोदर बायकांना लोहाबरोबर ज्या गोळ्या वाटतात त्यांच्यामागे मुंबईतल्या त्या अनाम बायका उभ्या आहेत.

पेशीला विभागण्यासाठी फॉलिक ॲसिड लागते. मग त्याच्यासारखे दिसणारे, पण काम अडवणारे औषध केले तर? अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक ॲसिड कृत्रिम रीतीने तयार झाले आणि त्यापाठोपाठ त्याचे विरोधकही. त्यांपैकीच एक मेथोट्रेक्सेट. सुब्बाराव १९४८ मध्ये वारले. आपल्या औषधाने काय साधले ते पाहायला ते राहिले नाहीत.

१९५६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी कोरिओकार्सिनोमा फुप्फुसांत पसरलेल्या तरुण स्त्रियांना मेथोट्रेक्सेट दिले. सावल्या विरघळून गेल्या. घट्ट गाठीचा, शरीरभर पसरलेला कर्करोग केवळ औषधाने बरा झाल्याचे हे पहिले उदाहरण मानतात. पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. फोटो निर्मळ झाले तरी संप्रेरक थोडेसे उरले होते, म्हणून ली औषध देतच राहिले. वरिष्ठांना हा रुग्णाला निष्कारण विष पाजण्याचा प्रकार वाटला आणि ली यांना नोकरी गमवावी लागली. कालांतराने दिसून आले, की ज्यांचे औषध लवकर थांबवले त्यांचा रोग उलटला, आणि ज्यांना ली यांनी आकडा उतरेपर्यंत औषध दिले त्या बऱ्याच राहिल्या. १९७२ मध्ये ली आणि हर्ट्झ या दोघांनाही लास्कर पारितोषिक मिळाले. ‘आता बरे वाटते, मग औषध कशाला’ हे वाक्य ज्यांना रोज ऐकावे लागते, त्या आरोग्यसेविकांना ली यांची हकिकत सांगण्याजोगी वाटेल.

आज वेळेवर उपचार सुरू झाले तर कमी धोक्याच्या गटातील जवळजवळ सर्व स्त्रिया बऱ्या होतात. रोग पसरलेल्या, अधिक धोक्याच्या गटातही बहुसंख्य बऱ्या होतात. एकाआड एक दिवस मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन आणि मधल्या दिवशी त्याचा उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड, असा एक प्रचलित क्रम आहे. यावरून एक सावधगिरीची सूचना देते. हे उपचार चालू असलेल्या बाईला गावातून फॉलिक ॲसिडची गोळी आपण होऊन देऊ नका. आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. पिशवी काढून टाकण्याची गरज बहुधा पडत नाही.

हा कर्करोग एवढा बरा का होतो? पेशी झपाट्याने विभागतात म्हणून त्या औषधाला बळी पडतात, हे एक कारण. दुसरे असे, की इतर कर्करोग स्वतःच्याच शरीराच्या पेशींचे असतात, याच्या पेशी मात्र बापाची जनुके बाळगणाऱ्या, म्हणजे आईच्या दृष्टीने परक्या असतात. त्यामुळे औषधाबरोबर तिची प्रतिकारशक्तीही हातभार लावत असावी. पीडी-एल१ च्या ब्रेकचा उल्लेख मी मघाशी केला. तो ब्रेक सोडवणारी औषधे आता निघाली आहेत. इतर सर्व औषधे हरलेल्या चार स्त्रियांना लंडनमध्ये असे एक औषध देण्यात आले आणि तिघी बऱ्या झाल्या. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी अशाच पंधराजणींचा वृत्तांत दिला. त्यांपैकी आठजणींचा एचसीजी सामान्य झाला. त्यांतील एकीला पुढे निरोगी मूल झाले. ही औषधे अतिशय महाग आहेत. आपल्या जिल्ह्यातील बाईला त्यांची गरजच पडू नये, हे आपल्या हाती आहे.

आनुवंशिकतेचा आणखी एक धागा सांगायला हवा. एकदा द्राक्षगर्भ झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव जणींना तो पुन्हा होत नाही. मात्र अगदी थोड्या कुटुंबांत एकाच बाईला, कधी तिच्या बहिणीलाही, तो पुन्हापुन्हा होतो. २००६ साली कॅनडातील संशोधकांनी अशा कुटुंबांत एनएलआरपी-७ या जनुकातील दोष शोधून काढला. या बायकांच्या द्राक्षगर्भात आईची व बापाची दोन्ही गुणसूत्रे असतात, पण आईची मुद्रा उमटायची राहून जाते. हा दोष दोन्ही आईबापांकडून आला तरच प्रकट होतो, म्हणून तो नात्यातल्या लग्नांतून झालेल्या मुलींत अधिक आढळतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल कित्येक समाजांत आहे. ती एका व्याख्यानाने जाईल असा माझा भ्रम नाही. परंतु एखाद्या घरात दोन वेळा द्राक्षगर्भ झाला, तर तिला व तिच्या बहिणींना आनुवंशिकी तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे. अशा स्त्रीला स्वतःच्या बीजांडापासून मूल होण्याची शक्यता फार कमी असते. दुसऱ्या स्त्रीने दिलेल्या बीजांडापासून होऊ शकते. तिला नवससायास करायला लावून पुन्हापुन्हा त्याच दिव्यातून जाऊ देऊ नये.

वयाचाही संबंध आहे. सोळा वर्षांच्या आत आणि चाळिशीनंतर गरोदर राहणाऱ्यांत द्राक्षगर्भाचे प्रमाण वाढते. पहिल्या गटाबाबत शिक्षक काय करू शकतात हे मी सांगायला नको. सातवी-आठवीच्या हजेरीपटावरून एखादे नाव गळते तेव्हा ते कोठे गेले हे त्यांना ठाऊक असते.

प्रत्यक्ष कामाचे बोलते. आता सोनोग्राफीमुळे द्राक्षगर्भ अडीच-तीन महिन्यांतच ओळखता येतो, आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी तो घोस डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. निदान सुधारले, तरी पुढचा पाठपुरावा मात्र जिथल्या तिथे आहे. पिशवी साफ केल्यानंतर निघालेले मांस तपासणीला गेले की नाही हे विचारावे. त्यानंतर दर आठवड्याला एचसीजी, तो सलग तीन आठवडे सामान्य आला की पुढे काही महिने दरमहा. नेमका किती काळ ते द्राक्षगर्भाच्या प्रकारावरून डॉक्टर ठरवतात. या काळात पुन्हा दिवस राहू देऊ नयेत, कारण नव्या गर्भाचा एचसीजी आणि रोगाचा एचसीजी वेगळा ओळखता येत नाही आणि पहारेकरी आंधळा होतो. गर्भनिरोधक गोळ्या चालतात. तांबी मात्र आकडा सामान्य होईपर्यंत बसवीत नाहीत. आणि गेल्या वर्षभरात बाळंतपण, गर्भपात किंवा द्राक्षगर्भ झालेली बाई रक्त खोकू लागली, किंवा तिच्या अंगावरून जाणे थांबेना, तर क्षयाची तपासणी जरूर करा, पण त्याच दिवशी लघवीच्या पट्टीवर गरोदरपणाचीही तपासणी करा. ती पट्टी उपकेंद्रात असते. १९८४ साली कोणी ती एक तपासणी वेळेवर केली असती, तर ती मुलगी आज साठीच्या घरात असती.

अडचण आहे ती आपल्या नोंदवह्यांची. गरोदर बाईची नोंद होते, बाळंत झाली की बाळाच्या लसीकरणाची ओळ सुरू होते. गर्भ गेला की ‘गर्भपात’ असा शेरा मारून तिची ओळ संपते. द्राक्षगर्भाच्या बाईची ओळ नेमकी तिथेच सुरू व्हायला हवी. त्यासाठी नव्या नमुन्याची वाट पाहू नका. लाल शाईने पुढच्या तारखा त्याच पानावर लिहा, आणि कृपा करून पत्त्यात तालुका लिहा, दोन माणसांचे दूरध्वनी क्रमांक लिहा, त्यांतला एक माहेरचा असू द्या.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका बाईच्या गावच्या आरोग्यसेविकेने हेच केले. तिने घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक सोमवारी एक टिंब काढले. सासऱ्यांना अक्षरओळख नव्हती, पण टिंबे मोजता येत होती. सातव्या आठवड्याला आकडा अडला आणि पुढे चढू लागला. लगेच औषध सुरू झाले. अडीच महिन्यांत आकडा सामान्य झाला. औषध संपल्यावर एक वर्ष थांबायला सांगितले होते, तेही त्यांनी पाळले. पुढे तिला मुलगी झाली. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा एचसीजी तपासायचा असतो, तोही सासऱ्यांनीच आठवण ठेवून करून घेतला.

मला दिलेला वेळ संपला आहे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिलेत तरी चालेल, म्हणजे ज्या भगिनींना उभे राहून विचारण्याचा संकोच वाटेल त्यांनाही उत्तर मिळेल.